गाडी फक्त मलाच नाही म्हणते

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आज गाडी चालू झाली नाही. लिहून ठेवतोय, म्हणजे उद्या कुणी म्हणायला नको की दामाजीला काही आठवत नाही. ही डायरी नौपाड्याच्या फुलवाल्या कलावतीताईंनी जानेवारीत दिलेली, तेव्हापासून टीव्हीखाली कोरी पडलेली. आता पुराव्याच्या कामाला येईल.

पहाटे नेहमीसारखा कल्याणच्या फुलबाजारात जायला निघालो. चावी फिरवली. सेल्फ जोरात फिरला, म्हणजे बॅटरी ठणठणीत. पण इंजिन काही धरेना. घर्रर्र घर्रर्र आणि गप्प. टाकीत डिझेल आहे. फिल्टरखालचं पाणी सोडून बघितलं, थेंब नाही. हातपंप मारून हवा काढली, हवाही नव्हती. शेवटी गल्लीतल्या लोकांना गोळा करून उतारावर धक्का मारला, तरी ढिम्म. तीच गाडी परत चढावर ढकलत आणताना लोकांनी जी तोंडं केली ती बघवत नव्हती.

पिकअप जुनी आहे, मान्य. पण मागच्या वर्षी पासिंगला एका फटक्यात पास झाली. काल संध्याकाळी चालू होती, आज मेली, म्हणजे मधे कुणाचा तरी हात लागला. कुणाचा, ते मला माहीत आहे. समोरच्या बिल्डिंगमधला मितेश. नवा सीएनजी टेम्पो घेतलाय आणि दिवसभर भाडं शोधत फिरतो. मी बॉनेटमधे डोकं घालून उभा, तेवढ्यात हा हजर. "काका, आजची फुलं मी टाकून येऊ का नौपाड्यात?" मी म्हटलं, तुला कुणी सांगितलं रे माझी गाडी बंद आहे? तर म्हणे, "अर्ध्या ठाकुर्लीने धक्का मारला, काका." वर हसला.

पुढच्या आठवड्यात मार्गशीर्षातला पहिला गुरुवार आहे. घरोघरी घट मांडतात, झेंडू, शेवंती, वेण्या, सगळ्याला मागणी. त्या दिवशी माझी गाडी कलावतीताईंच्या दुकानात पोचली नाही तर त्या दुसरी बघणार, आणि दुसरी एकदा लागली की माझी कायमची सुटली. मग मी काय करायचं, घरात बसून शेंगा सोलायच्या?

सरू, माझी बायको, म्हणाली, "अहो, जिवाला एवढं लावून नका घेऊ. चार दिवस आराम करा. डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवून येऊ." गाडी बंद पडली म्हणून डोळ्यांचा डॉक्टर! हिचं डोकं कुठून कुठे धावतं देव जाणे.

१९ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी परत तेच. मग काळुरामला फोन लावला. काळुराम म्हणजे आमचा मेकॅनिक, पत्रीपुलाजवळ गॅरेज आहे, ही गाडी घेतल्यापासून त्याच्याच हाताखालची. दहा वाजता येतो म्हणाला. मी घरात ओरडून सांगितलं, काळुराम येतोय, चहा टाका. सरू म्हणाली, "तो यायच्या आत केबिनमधली सुकलेली फुलं झाडून घेते, नाहीतर माझीच लाज निघेल." केरसुणी घेऊन गेली आणि चांगली साफ करून आली.

काळुराम आला, बसला, चावी फिरवली, आणि गाडी पहिल्या सेल्फला चालू! मी बघतच राहिलो.

"काय रे दामा, झोपेत चावी फिरवलेलीस काय?"

मी त्याला सगळं सांगितलं. त्याने टर्मिनल घासले, एक फ्यूज काढून परत लावला आणि गेला. तोवर बाजार उठलेला. कलावतीताईंना फुलांचं काय केलंत म्हणून फोन केला, तर म्हणाल्या, "अहो भाऊ, तुमच्या घरूनच निरोप आलेला ना, मितेश आणेल म्हणून." कुणाचा फोन होता विचारलं तर "बाईमाणूस होतं" एवढंच. मी घरात विचारलं. सूनबाई प्राची म्हणते, मी नाही. सरूला विचारायची गरज नाही, तिला मोबाईलमधे नंबर शोधता येत नाही.

जेवायला बसलो तर ताटात चटणी नाही, लिंबू नाही, मीठसुद्धा नाही. नुसती उजवी बाजू वाढलेली. म्हटलं, घरात एवढी टंचाई आलीय का? सरूने माझं ताट गोल फिरवलं, तर चटणी आली, लिंबू आलं. या घरात आता मला हसायला लागलेत.

२० नोव्हेंबर, गुरुवार

परत मेली. पण आज एक गोष्ट पकडली.

चावी अर्धी फिरवली की बॉनेटखालून टक् असा आवाज येतो. डिझेल पंपावर सॉलेनॉइड नावाची एक डबी असते, तिला वीज मिळाली की ती डिझेलची वाट उघडते, त्याचा हा आवाज. काल काळुरामच्या वेळी तो आलेला, मी कानाने ऐकला. आज नाही. म्हणजे डिझेल, हवा, फिल्टर सगळं निर्दोष. वीजच पोचत नाही.

काळुरामला फोन केला, मोठ्याने, म्हणजे मितेशच्याही कानावर जाऊ दे. दुपारी आला. चावी फिरवली, टक्, आणि चालू! काळुराम माझ्याकडे बघतोय, मी गाडीकडे.

"दामा, मी येतो तेव्हा ही नीट असते. बिघडलेली असतानाच मला दाखव, नाहीतर मी काय बघणार?"

मला आता काळुरामचाच संशय येतोय. हाच काहीतरी सैल ठेवून जातो आणि येऊन घट्ट करतो. एवढ्या वर्षांचा दोस्त, पण सांगता येत नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

संध्याकाळी माझा मुलगा ऋतुराज कामावरून आला. म्हटलं, तू फिरवून बघ चावी. सकाळी माझ्या हाताला चालू झालेली नव्हती. सरू उजेडाला बॅटरी धरायला म्हणून आधीच केबिनमधे जाऊन बसलेली. ऋतुराजने चावी लावली, चालू.

म्हणजे काळुरामला चालू, मुलाला चालू. फक्त मलाच नाही म्हणते. मी काय हिचं वाईट केलंय?

ऋतुराज उतरला आणि म्हणाला, "बाबा, विका आता. या जागेत माझी गाडी लागेल." बघा! हा तिसरा. स्वतःची गाडी रस्त्यावर लावावी लागते म्हणून बापाची भंगारात. वर विचारतो, डावा आरसा कसा तुटला? मी सांगितलं, मागच्या रविवारी वागळे इस्टेटमधे एका कारखान्याच्या पूजेचे हार टाकायला गेलेलो, तिथे हातगाडीवाला आकाशातून पडल्यासारखा डावीकडून आला. माझी काही चूक नाही. उर्वी बाजूला बसलेली, ती किंचाळली. आजकालची मुलं कशालाही किंचाळतात.

उर्वी म्हणजे माझी नात, चौथीत आहे. दर रविवारी नौपाड्यात चित्रकलेच्या क्लासला माझ्याबरोबरच येते, डाव्या सीटवर बसून आख्ख्या रस्त्याची दुकानं वाचते. गाडी काढताना फाटकाची डावी झडप ढकलायचं कामही तिचंच. तिला वाटतं तिच्याशिवाय गाडी निघतच नाही.

डावा पत्राही कुणीतरी दोन ठिकाणी घासून ठेवलाय. हे मितेशचं काम असणार.

२२ नोव्हेंबर, शनिवार

सापळा लावला. संध्याकाळी बॉनेटच्या कडीला आणि दोन्ही दारांच्या कड्यांना काळं ग्रीस चोपडून ठेवलं. कुणालाही सांगितलं नाही. उद्या ज्याचे हात काळे तो चोर.

२३ नोव्हेंबर, रविवार

बॉनेटचं ग्रीस जसंच्या तसं. उजव्या दाराचंही. डाव्या दाराच्या कडीवर मात्र बोटं उमटलेली. म्हणजे चोर डाव्या दाराने येतो! पण डाव्या बाजूला आहे काय? सीट आणि माती.

लगेच मितेशचे हात बघायला गेलो. तो आंघोळ करून पूजेला बसलेला. हात स्वच्छ. जरा जास्तच स्वच्छ वाटले.

परत आलो तर मागच्या नळावर सरू उर्वीचे हात बेसनाने खसाखसा घासत होती. म्हणे, क्लासचा काळा रंग लागलाय. सकाळीच? क्लासला तर ती नंतर गेली, प्राची घेऊन गेली. घरी सराव केला असेल. पोरीला चित्रांचं वेड आहे.

उर्वी माझ्यावर रुसलीय. म्हणते, "आबा, मी इथून हात करते तर तुम्ही बघतच नाही. कट्टी." मी कधी नाही बघितलं? हिला कुणीतरी शिकवून ठेवलंय.

२४ नोव्हेंबर, सोमवार

सरूने नौपाड्यात डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर लावला, मला न विचारता. मी तिला घेऊन सरळ स्टेशनजवळच्या चष्मेवाल्याकडे गेलो. शेवटची बारीक ओळसुद्धा घडाघडा वाचली. चष्मेवाला म्हणाला, नंबर तोच आहे, नजर छान आहे. म्हटलं, ऐकलंस? सरू म्हणाली, "समोरचं नाही हो, बाजूचं..." मी पुढचं ऐकलंच नाही. दिवाळीच्या पाडव्याला माझं डोकं दोन दिवस फुटत होतं, पित्त वाढलेलं, तेव्हापासून ही माझ्यामागे लागलीय. दार लागलं की म्हणते बाजूचं बघा, टेबल लागलं की बाजूचं बघा. घरातलं सामान रोज हलवतात ही माणसं, मग लागणारच.

आता मला कळलंय. सगळे मिळून मला म्हातारा ठरवतायत. गाडी बंद, डोळे खराब, बसा घरी.

२६ नोव्हेंबर, बुधवार

आज काय झालं ते सगळं लिहितो.

काळुरामचं बोलणं डोक्यात होतं, बिघडलेली असतानाच दाखव. आज मी घरात अवाक्षर काढलं नाही. सकाळी चावी फिरवून बघितली, मेलेली. टक् नाही. चप्पल घातली, फुलपुडी आणतो म्हणून बाहेर पडलो आणि रिक्षा करून काळुरामच्या गॅरेजवर. त्याला तसाच उचलून आणला. सरू अंगणात तुळशीला पाणी घालत होती. काळुरामला बघितलं आणि तिच्या हातातला तांब्या पडला.

"काळुरामभाऊ, थांबा, केबिन झाडून देते," म्हणत ती धावलीच. मी म्हटलं, राहू दे, आज घाणच बरी.

काळुरामने चावी फिरवली. इंजिन धरेना. मला किती आनंद झाला म्हणून सांगू! त्याने टेस्टलॅम्प काढला, म्हणजे दोन वायरींना जोडलेला साधा बल्ब. सॉलेनॉइडला लावला, पेटला नाही. फ्यूजला लावला, पेटला. म्हणजे मधल्या वायरीत गडबड. तो वायर चाचपत चालला, डॅशबोर्डखालून, डावीकडे, आणखी डावीकडे, आणि डाव्या सीटच्या रेक्झिनखाली हात घातला.

"दामा, ही जोडणी कंपनीची नाही."

मी वाकून बघितलं. एक छोटं काळं बटण. वायरीच्या सांध्यावर हिरवी टेप आणि टेपवर गजऱ्याचा दोरा गुंडाळलेला. टेप सुटू नये म्हणून वरून फुलांचा दोरा गुंडाळायची सवय आख्ख्या कल्याणमधे एकाच माणसाला आहे. मला.

चोरबटण, म्हणजे बंद केलं की गाडी चालूच होत नाही. गाडी नवी होती तेव्हा आमच्या गल्लीतून दोन टेम्पो चोरीला गेलेले, म्हणून मीच बसवलेलं. तेव्हा सरू रोज माझ्याबरोबर बाजारात यायची, डाव्या सीटवर. उतरताना बटण बंद करायचं आणि चढताना चालू करायचं, हे तिचं काम. मी ड्रायव्हर, मी कशाला तिकडे वाकू? पुढे अंगणाला कुंपण आलं, फाटक आलं, सरूचे गुडघे गेले, बटण चालूच राहिलं. बसवल्यापासून मी ते एकदाही दाबलेलं नाही, म्हणून आठवलंही नाही. जगात दोनच माणसांना माहीत. एक मी.

काळुरामने बटण दाबलं. टक्. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा सरूकडे, आणि "मला दुसरीकडे जायचंय" म्हणून पेटी उचलून निघून गेला. पैसेही घेतले नाहीत.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मितेश नाही, काळुराम नाही, ऋतुराज नाही. माझी बायको! गाडीत बसलो, चालू केली, पहिला गिअर टाकला. म्हटलं आत्ता बाजारात जातो आणि उद्याचा सगळा माल आणून दाखवतो. तर सरू पुढे येऊन उभी. दोन्ही हात बॉनेटवर.

"बाजूला हो!"

"नाही होणार."

"सरू, बाजूला हो सांगतो! नवऱ्याच्या पोटावर पाय दिलास तू. चोर शोधत मी गावभर फिरलो आणि चोर माझ्याच घरात!"

"हो, मीच केलं," ती ओरडली. "आणखी करीन. घाला माझ्या अंगावर, पण तिच्या अंगावर नका घालू!"

"कुणाच्या?"

तिने बॉनेटवरचा एक हात उचलून डावीकडे दाखवलं. मी बघितलं, तिथे कुणीच नव्हतं. फाटक होतं. ती परत ओरडली, "मान वळवा! सगळी वळवा!" मी मान वळवली, खांद्यापर्यंत. तिथे उर्वी होती. शाळा दुपारची, म्हणून ती घरीच होती. फाटकाची डावी झडप दोन्ही हातांनी धरून, माझ्या चाकासमोर.

"आबा, मी केव्हाची हात करतेय," ती म्हणाली.

मी मान सरळ केली. उर्वी गेली. परत वळवली, उर्वी आली. अंधार दिसला असता तर कळलं असतं मला. अंधार नव्हता. तिथे काहीच कमी वाटत नव्हतं. फाटक पुरं होतं, अंगण पुरं होतं, आणि माझी नात त्यात नव्हती.

गाडी बंद केली. किल्ली काढता येईना, सरूने काढली. मला रडू आलं, उर्वीसमोरच आलं.

नंतर सरूने सांगितलं. त्या रविवारी वागळे इस्टेटमधे हातगाडी आकाशातून पडली नव्हती. उर्वी "आबा, हातगाडी, आबा, हातगाडी" ओरडत होती आणि मी सरळ जात होतो. पोरगी घरी येऊन आजीच्या कुशीत शिरली आणि म्हणाली, आबांना सांगू नको, त्यांना वाईट वाटेल.

"मला सांगायचंस," मी सरूला म्हटलं.

"किती वेळा सांगितलं? तुम्ही ऐकता कुणाचं? गाडीचं तरी ऐकाल म्हटलं." कलावतीताईंना फोनही तिनेच केलेला. नंबर उर्वीने लावून दिलेला.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

पहिला गुरुवार. फुलं मितेशने नेली. मी घरात होतो.

२९ नोव्हेंबर, शनिवार

नौपाड्यातल्या डॉक्टरीणबाईंनी एका मशीनमधे डोकं घालायला लावलं. ठिपका चमकला की बटण दाबायचं. मी म्हटलं, तुमचं मशीन अर्धंच चालतंय, डावीकडे ठिपके येतच नाहीत. त्या स्वतः बसल्या आणि मला पडद्यावर दाखवलं. येत होते.

मग मोठ्या हॉस्पिटलमधे डोक्याचा फोटो काढला. पाडव्याला पित्त नव्हतं. मेंदूत मागच्या बाजूला रक्ताची छोटी गाठ अडकून गेलेली. दोन्ही डोळे चांगले आहेत, पण डावीकडचं चित्र मेंदूत पोचत नाही. मी विचारलं, म्हणजे बल्ब चांगला, मधली वायर गेली? डॉक्टर म्हणाले, तसंच समजा. ही वायर जोडता येत नाही म्हणाले. गोळ्या आहेत, परत तसं होऊ नये म्हणून. गाडी चालवायची नाही. आज नाही, उद्याही नाही.

येताना सरू रिक्षात माझ्या उजवीकडे बसली. मी तिच्याकडे बघत होतो. मला राग यायला पाहिजे होता, पण आला नाही.

४ डिसेंबर, गुरुवार

आज दुसरा गुरुवार. एवढा माल मितेशच्या टेम्पोत मावत नाही, म्हणून कलावतीताईंनीच सुचवलं, पिकअप दामाजीभाऊंची, चालवणार मितेश, आणि माल निवडायला भाऊ बरोबर. शेवंती हातात घेतल्याशिवाय मितेशला ताजी-शिळी कळत नाही. मी डाव्या सीटवर बसलो. मितेश क्लचवर पाय ठेवूनच गाडी चालवतो, क्लच जाळणार तो. मी लक्ष ठेवून आहे.

नौपाड्यात माल उतरवताना मी सीटखाली हात घातला आणि बटण बंद केलं. काम डाव्या सीटवरच्या माणसाचं आहे. मितेश परत येऊन चावी फिरवतोय, फिरवतोय, घर्रर्र घर्रर्र. "काका, हिला काय झालं?" मी म्हटलं, जुनी गाडी आहे, माणूस बघून चालते. जरा वेळ त्याला घाम काढू दिला, मग हळूच चालू केलं. त्याला सांगितलेलं नाही. सांगणारही नाही.

घरी आल्यावर उर्वीला केबिनमधे घेतलं. ती आता आपणहून माझ्या उजवीकडे बसते, ड्रायव्हरच्या सीटवर, पाय लोंबकळत ठेवून. म्हटलं, तुला एक गुपित दाखवतो. काळुराम सोडला तर जगात फक्त मला आणि तुझ्या आजीला माहीत आहे. तिचा हात धरून सीटखाली नेला आणि बटणावर ठेवला.

"हे होय," उर्वी म्हणाली. "आजीचे गुडघे दुखतात ना, सकाळी ते मीच बंद करायचे. एकदा तर कुणीतरी दाराला ग्रीस लावून ठेवलेलं."

मी मान पूर्ण वळवून फाटकाकडे बघितलं, मग परत तिच्याकडे. ती हसत होती, आणि मला पूर्ण दिसत होती.